काकाजींचा कडता

सकाळी मूर्तिजापूरच्या स्टँडवर अमरावती-अकोला गाडी शिरली की मी आधी तिच्या खिडक्यांकडे पाहायची. कुठल्या तरी खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आलेला असायचा आणि त्या हातात निळी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, फडफडत असायची. झालं! म्हणजे माझी जागा धरलेली आहे, म्हणजे अकोल्यापर्यंतचा एक तास आता माझा नाही. मी किती वेळा सांगितलं, "काकाजी, मी उभी राहीन, पण जागा धरत जाऊ नका." ऐकेल तर शपथ. हा माणूस अमरावतीपासून शेजारच्या सीटवर दस्ती अंथरून बसायचा आणि बडनेऱ्याला चढणाऱ्या प्रत्येकाशी भांडायचा. "पोरगी येऊन राह्यली मूर्तिजापूरले," असं सांगायचा. एकदा मी कंटाळून रेल्वेनं गेले, तर दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं मलाच झापलं. "ताई, काल काहून नाई आल्या? बुढा तीन बायांशी भांडला तुमच्या जागेपायी!"

मी त्यांची पोरगी नव्हे, पुतणी नव्हे, कोणीच नव्हे. आम्ही एका छताखाली काम करायचो, एवढंच नातं. ते शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. राहायचे अमरावतीला, मुलगा-सुनेकडे, आणि रोज सकाळी एसटी धरून अकोल्याला यायचे. चित्रं काढायला अमरावतीत जागा नव्हती असं अजिबात नाही. मुलानं गच्चीवर त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली बांधली होती, पंखा-बिंखा लावून. ती त्यांनी सुनेला पापड वाळवायला देऊन टाकली. "त्या खोलीत बोलाले कोनी नाई," हे कारण! अहो, चित्र काढायला बोलायला माणूस कशाला लागतो? पण हे त्यांना विचारणार कोण? विचारलं की त्यावर अर्धा तास.

अकोल्यात आम्ही ज्या जागेत होतो तिला सगळे जिन म्हणत. जुनी जिनिंग फॅक्टरी. कधीकाळी तिथं कापसातून सरकी वेगळी व्हायची. यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती, उरली होती लांबलचक शेड, वर पत्रे आणि अंगणात एक निंबाचं झाड. जुन्या शेठनं त्या शेडमध्ये छातीपेक्षा जरा उंच अशा भिंती घालून पाच गाळे पाडले होते आणि ते आमच्यासारख्यांना दिले होते. पहिल्यात गजू, पुतळे घडवणारा, हिवरखेडचा. दुसऱ्यात सलीमभाई, पाट्या आणि अक्षरं रंगवणारे. तिसऱ्यात मी, घरोघरची माणसं तैलरंगात काढणारी. चौथ्यात काकाजी. पाचव्यात सुनंदाताई, लग्नाच्या स्टेजची सजावट करणाऱ्या. दारं कोणालाच नव्हती. ताडपत्रीचा पडदा बाजूला सारला की आत. आणि भिंती अर्ध्या असल्यामुळे एकाची शिंक पाच जणांची.

त्या भिंतींपायी माझा संसार मोडता मोडता राहिला, काय सांगू. एकदा सासूबाईंचा फोन आला. घरी पाहुणे येणार, दुपारपर्यंत येशील का? मी म्हटलं, "आई, आज नाही हो जमणार, ऑर्डर द्यायची आहे आजच." तोच भिंतीपलीकडून गडगडाट झाला. "खोटं कायले बोलून राह्यली वं? ऑर्डर सोमवारची हाय तुही!" सासूबाईंनी ते स्पष्ट ऐकलं. त्या म्हणाल्या, "कोण आहे ते?" मी म्हटलं, "रेडिओ." पलीकडून लगेच, "रेडिओ नोय, काकाजी हाय म्हना!" त्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं घरी गेले आणि चाळीस पोळ्या लाटल्या.

वस्तूंचंही तेच. जिनमध्ये कुणाचं काही स्वतःचं म्हणून नसतं, असा त्यांनीच परस्पर लावलेला कायदा. माझा सहा नंबरचा ब्रश, नागपूरहून मुद्दाम मागवलेला, मी दोन दिवस शोधला. सापडला तो काकाजींच्या हातात, सलीमभाईंच्या सायकलच्या साखळीला तेल लावताना. मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, "मऊ हाय ना, म्हनून घेतला." डब्याचंही तसंच. स्वतःचा डबा सलीमभाईंना द्यायचे, सलीमभाईंचा गजूला, आणि आपण माझा उघडून बसायचे.

बरं, स्वतःचं काम? ते अंगणातला निंब रंगवत होते. मी आले तेव्हापासून तोच निंब, तोच कॅनव्हास. चित्र पुरं होत आलं की पानगळ लागायची. मग म्हणायचे, "आता झाडच बदललं, चैत्रात पाहू." चैत्रात कोवळी तांबूस पालवी यायची, तर मागच्या हिरव्यावर ती चढवायला लागायचे. ती होते न होते तोच मोहोर. बारा वर्षं मी एका माणसाला एका झाडाच्या मागे धावताना पाहिलं आणि झाड दर वर्षी पुढे. स्वतःचं चित्र पुरं होत नव्हतं, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या चित्रात नाक खुपसायला वेळच वेळ होता.

आणि नाक खुपसण्याची त्यांची रीत होती कडता.

आमच्याकडे बाजारात कापूस मोजला की व्यापारी ओलाव्यासाठी, कचऱ्यासाठी म्हणून वजनातून थोडं कापून टाकतो. त्याला म्हणतात कडता. काकाजींनी तो शब्द जिनमधूनच उचलला. फाटकापाशी बैलगाड्या मोजायचा जुना काटा होता, जमिनीत बसवलेला लोखंडी पाट. त्याची सुई गंजून एका जागी बसली होती. कोणाचंही काम पुरं झालं की ते त्या पाटावर आणून उभं करायचं, आणि पाचही जणांनी येऊन एकेक खोट काढायची. स्तुती चालत नसे. "छान आहे" म्हणाल तर चहा तुम्ही करायचा आणि पुन्हा पाहायचं. "कडता काढल्याबिगर माल फाटकाच्या भाईर जाईन नाई," हे त्यांचं वाक्य. माल! मी रात्रंदिवस डोळे फोडून माणूस उभा करायची आणि हे त्याला माल म्हणायचे.

माझा पहिला कडता मी जन्मात विसरणार नाही. जिनमध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. एका मुख्याध्यापकांच्या पत्नीचं चित्र केलं होतं आणि ती माणसं ते न्यायला ऑटो घेऊन आली होती. मी चित्र कापडात गुंडाळून निघाले, तर काकाजी फाटकात आडवे.

"ठेव काट्यावर."

"काकाजी, लोक थांबलेत."

"थांबू दे. त्याईलेही पाहू दे."

पाहुण्यांसमोर पंचायत नको म्हणून मी ठेवलं. गजू हात पुसत आला आणि म्हणाला, "मानेची नस जास्त ताणली ताई, बाई रागात दिसून राह्यली." सलीमभाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, बाईंचा डावा कान कुठंय? केसांखाली असला तरी दिसाले पायजे ना भाई." सुनंदाताईंना साडीचा काठ खटकला. आणि काकाजी काय म्हणाले? म्हणाले, "ही बाई वाट पाहून राह्यली कोनाची तरी. कोनाची?" मुख्याध्यापक तिथंच उभे होते. त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं आता ऑर्डर गेली. ते हळूच म्हणाले, "मुलाची. तो बाहेरदेशी असतो. पण ते चित्रात कुठं आहे?" "तेच म्हनतो मी," काकाजी म्हणाले, "अर्धवट हाय. एक तर पुरं आन, नाई तर पुसून टाक." ऑटो रिकामी परत गेली. मी भिंतीआड बसून रडले, आणि माझं रडणं अर्थातच सगळ्यांनी ऐकलं. आठ दिवसांनी चित्र पुन्हा काट्यावर ठेवलं तेव्हा मलाच दिसलं की आता त्यात ती बाई आहे. म्हातारा बरोबर होता! याचाच तर मला जास्त राग यायचा.

गजूची गत माझ्याहून वाईट. हिवरखेडकडच्या एका गावानं त्याला आपल्या दिवंगत सरपंचाचा अर्धपुतळा सांगितला होता. पुतळा न्यायला गाव लोटलं. ट्रॅक्टर, ट्रॉलीला झेंडूच्या माळा, पुढं बँड. गजू नवा सदरा घालून उभा. काकाजींनी ट्रॉलीच्या चाकापुढे खुर्ची टाकली आणि बसले.

"कडता राह्यला."

"काकाजी, काल काढला ना आपुन पाची जनांनी!" गजू काकुळतीला आला.

"आपुन काढला. पन या मानसाले पाह्यलं कोनी? आपुन तं फोटो पाह्यला. आता हे काढतीन." आणि गावकऱ्यांकडे वळून म्हणाले, "सांगा बा, काय चुकलं?"

 बँडवाला नुसताच पिपाणी तोंडाशी धरून उभा. मग गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, "आमचा सरपंच एका खांद्यानं झुकेल होता. जवान होता तवा पोते उचलले त्यानं." सगळे म्हणाले, हाव हाव, खरंच! काकाजींनी विचारलं, "कोनता खांदा?" झालं. अर्धं गाव म्हणालं उजवा, अर्धं म्हणालं डावा. उजवेवाले म्हणजे एक पार्टी, डावेवाले दुसरी, हे मला नंतर कळलं. भांडण इतकं पेटलं की बँडवाले ढोल घेऊन निंबाखाली जाऊन बसले. शेवटी माळा लावलेली ट्रॉली रिकामी गेली. सरपंचाच्या बायकोला फोन लावला तेव्हा तिनं सांगितलं डावा, आणि पुतळा आठ दिवस आणखी जिनमध्ये राहिला. गजू त्या आठ दिवसांत काकाजींशी एक शब्द बोलला नाही. पण आजही त्या गावात कोणी गेलं की लोक आधी तो खांदा दाखवतात.

मी एवढी चिडून लिहिते आहे, तर हेही सांगायला हवं. माझे वडील गेले त्या वर्षी मी काम सोडलं होतं. ब्रश हातात धरवत नव्हता. महिना झाला, दीड महिना झाला. एक दिवस काकाजी अकोल्याची गाडी मूर्तिजापूरला सोडून माझ्या दारात हजर. सांत्वन वगैरे काही नाही. भिंतीवरच्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे डोये तुह्या बापाचे हायेत? मिचमिचे होते काय त्याचे? फोटोवाल्यानं उन्हात बसवलेला दिसते." मी म्हटलं, "काकाजी, आज तरी..." ते म्हणाले, "मी म्हनतो म्हनून नको ऐकू. पन खोटा बाप भिंतीवर टांगून कायले बसली? काढ ना खरा." मी त्यांना घराबाहेर काढणार होते, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. वडिलांच्या चित्राला पाच वेळा कडता लागला, आणि पाचव्या वेळी काट्यासमोर आम्ही पाचही जण नुसते उभे होतो.

असो. गेल्या वर्षी धाकटे शेठ पुण्याहून आले. जुन्या शेठचे नातू. माणूस सभ्य. त्यांनी सरळ सांगितलं की जागा विकायची ठरली आहे, तिथं घरं होणार. पण आम्हाला रस्त्यावर टाकणार नव्हते. त्यांचं एक गोदाम एमआयडीसीत मोकळं होतं, त्यात ते आम्हाला गाळे पाडून देणार होते, तुम्हाला हवे तसे सांगा म्हणाले. अट एकच होती. जागा सोडल्याचं पत्र एकच असेल आणि त्यावर पाचही जणांच्या सह्या लागतील. एकही कमी पडली तर वकील ऐकणार नव्हता आणि गोदाम दुसऱ्या कुणाला जाणार होतं. चार सह्या त्याच दिवशी झाल्या.

पाचवी कोणाची राहिली हे सांगायला नको.

"मी जिन सोडतो," काकाजी म्हणाले, "पन तिथंही भिती अर्ध्याच पायजे. तसं लिहून द्या, लगेच सही करतो."

आता इथं माझी गोष्ट येते. गोदामात गाळे कसे हवेत याचा अर्ज मी आधीच लिहून दिला होता. माझ्या हस्ताक्षरात. "भिंती छतापर्यंत असाव्यात व प्रत्येक गाळ्यास स्वतंत्र दार व कडी असावी." चौघांनी मिळून ठरवलं होतं आणि काकाजींना सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? सलीमभाईंना गाणी ऐकत काम करायचं होतं. सुनंदाताईंकडे नवऱ्या मुली यायच्या आणि त्यांच्या आवडीनिवडीवर भिंतीपलीकडून मत यायचं. गजूला आयुष्यात एकदा तरी पुतळा वेळेवर द्यायचा होता. आणि मी? मला फोनवर खोटं बोलायचं होतं, झालंच तर माझा सहा नंबरचा ब्रश जिथं ठेवला तिथं सापडायला हवा होता.

पंधरा दिवस काकाजींची मनधरणी चालली. सह्यांची मुदत चार दिवसांवर आली. एका संध्याकाळी ते साडेचारच्या गाडीसाठी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले आणि आम्ही चौघे सुनंदाताईंच्या गाळ्यात जमलो. कागदी फुलांच्या ढिगात बसून आम्ही हळू आवाजात बोलत होतो. कुजबुजतच. बारा वर्षं जिनमध्ये काढून आम्ही ही चूक केली. दुसऱ्या कोणी केली नसती. बाहेरचा माणूस त्या शेडमध्ये पाय ठेवताच ओळखायचा की इथं टाचणी पडली तरी ऐकू येते. आम्हाला मात्र ऐकलं जाण्याची इतकी सवय झाली होती की ते ध्यानातच राहिलं नव्हतं.

गजू म्हणाला, "बुढ्याले सांगू का, अर्ध्या भिती देतो म्हनून? सही झाली का मंग पाहू."

सलीमभाई म्हणाले, "फसवायचं नाई. ते चांगलं नाई."

सुनंदाताई म्हणाल्या, "मग सांगायचं काय?"

आणि मी म्हणाले, "खरं सांगा त्यांना. भिंती आम्हाला त्यांच्यासाठीच उंच हव्यात. मला एक दिवस असा पाहिजे, फक्त एक दिवस, की ज्या दिवशी या माणसाचा आवाज माझ्या कानावर येणार नाही."

 मग चौथ्या गाळ्यातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. ते चष्मा विसरले होते म्हणून परत आले होते, हे नंतर कळलं. भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. आम्ही चौघे माना खाली घालून तो चहा उकळताना ऐकत बसलो. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा नव्हता. "चा झाला. चार कप ठेवले. मी निघतो, गाडी जाईन."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या गाडीनं आले. गाडीत माझ्याशी पावसापाण्याचं बोलले. जिनमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाले, "कुठी हाय कागद?" आणि सही केली. सुंदर, वळणदार, फळ्यावर शाळेतल्या पोरांना गिरवायला काढावी तशी. भिंतींचं नाव काढलं नाही. मला वाटलं होतं भांडतील, टोमणे मारतील. मी त्यासाठी रात्रभर उत्तरं तयार केली होती. ती सगळी माझ्याजवळच राहिली.

नव्या जागेत आम्ही गेलो त्या दिवशी ते आले, नारळ फोडला, पाचही गाळ्यांची दारं उघडून-लावून पाहिली. "भिती मजबूत हायेत," एवढंच बोलले. त्यानंतर आले नाहीत. फोन केला की म्हणत, "गाडीचा तरास होते आता." त्यांचा गाळा बंदच आहे. निंबाचा कॅनव्हास आत भिंतीला टेकून ठेवला आहे.

पहिला महिना मी स्वर्गात होते. खरं सांगते. दार लावायची, कडी घालायची आणि काम करायची. एवढं काम मी कधी केलं नव्हतं. मग अंजनगाव सुर्जीच्या एका घरातून आजीचं चित्र सांगितलं गेलं. नातीनं मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला, गोड हसऱ्या आजीचा. चित्र सुरेख झालं. गजूला दाखवायला गेले तर त्यानं दार अर्धंच उघडलं, हात प्लास्टरनं भरलेले. "मस्त हाय ताई," म्हणाला आणि दार लावलं. त्याची काही चूक नाही, त्याला काम होतं. सलीमभाई कानात इअरफोन घालून बसले होते, त्यांनी दारातूनच अंगठा वर केला. चित्र गेलं. महिन्याभरानं घरी कार्यक्रमाला जमलेल्या बायकांनी विचारलं, आजीचा पदर उजव्या खांद्यावर कसा? तीळ या गालावर कसा? पोरीनं सेल्फी काढला होता. मोबाइलनं आजी आरशातल्यासारखी उलटी केली होती आणि मी ती तशीच्या तशी रंगवली होती. नऊवारी नेसलेल्या बाईचा पदर कुठल्या खांद्यावर असतो हे मला, वऱ्हाडातल्या बाईला, कळलं नाही!

चित्र परत आलं. ते दारापाशी उभं केलं आणि मला संताप आला तो काकाजींचा. हा म्हातारा असता तर काट्यावर एका क्षणात ओरडला असता. बारा वर्षं छळलं आणि आता खरी गरज पडली तेव्हा अमरावतीत जाऊन बसला! मी ठरवलं, बस्स झालं. त्यांना परत आणायचं. विनवून येणार नाहीत, चिडवूनच आणायला हवं. मी तेव्हा एका निवृत्त पोस्टमास्तरांचं डोक्यापासून पायांपर्यंतचं चित्र करत होते. ते मी जिवापाड चांगलं केलं, आणि मुद्दाम त्या माणसाच्या दोन्ही पायांत डावेच बूट काढले. हे पाहून गप्प बसणं काकाजींना शक्यच नव्हतं. चादरीत गुंडाळून चित्र मांडीवर घेतलं आणि अमरावतीला गेले.

सुनेनं दार उघडलं. काकाजी खुर्चीत पेपर वाचत होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना इस्त्रीच्या शर्टात कधी पाहिलं नव्हतं.

"या," ते उठून म्हणाले. "तुमी एकट्याच आल्या?"

मी मागं वळून पाहिलं, हे 'तुमी' माझ्या पाठीमागच्या कुणाला म्हणून.

चित्र मी समोरच्या खुर्चीवर उभं केलं. त्यांनी चष्मा लावला. पोस्टमास्तरांचा चेहरा पाहिला, त्यांच्या हातातलं पत्र पाहिलं, मग नजर खाली गेली आणि बुटांवर थांबली. मला स्पष्ट दिसलं. गुडघ्यावर ठेवलेलं त्यांचं बोट उचललं गेलं, काट्यावर खोट दाखवताना नेहमी जायचं तसं. मग ते त्यांनी परत गुडघ्यावर टेकवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "मेहनत घेतली तुमी."

"काकाजी, नीट पाहा."

"पाह्यलं ना. छान आहे."

मग मात्र माझा तोल गेला. "दोन्ही बूट डावे आहेत काकाजी! दिसले ना तुम्हाला? मी पाहिलं, तुम्हाला दिसले. मग बोलत काहून नाही?"

"दिसले," ते म्हणाले. "पन बाई, लोकाच्या मालाले कडता आपुन काहून लावावा?"

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधं म्हणाले, आणि सुनेनं आणलेला चहाचा कप बशीसकट माझ्यापुढे सरकवला.